अर्धा ठोका

गेनरने केसांतला शेवटचा रोलर सोडवून टेबलावर टाकला आणि मागे वळायची तसदी न घेता आरशातल्या वेरोनालाच सांगितलं, "दार लावून घे. वारा येतोय."

वेरोनाने दार लावलं नाही. नोव्हेंबरचा वारा समुद्रावरून सरळ आत घुसत होता आणि गेनर प्रीस्टली पातळ चंदेरी झग्यात बसली होती. गारठू दे, असं वेरोनाच्या मनात आलं आणि त्याबद्दल तिला अजिबात वाईट वाटलं नाही. लीड्सहून अडीच तास गाडीत बसून ती स्केगनेसजवळच्या या सुट्टीच्या कॅम्पात आली होती, ती काही हिच्या तब्येतीची चौकशी करायला नव्हे.

"मी आले ते एका वाक्यासाठी," वेरोना म्हणाली. "आज रात्री गाण्याआधी माइकवर सांगायचं, की हा आवाज वेरोना लिबर्डचा आहे. तेवढंच. पुढे तू आणि तुझं नशीब."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं, राणी."

ऐकू आलं होतं. पण वेरोनाचा आवाज आता घोगरा होता, दुसऱ्या खोलीतून कुणीतरी पेटी ओढत नेल्यासारखा. मार्चमध्ये गळ्यातली गाठ काढली. गाठ आवाजाच्या नसेला वेढून बसलेली, त्यामुळे नसही गेली. बोलता येईल, गाता येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं. वेरोनाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द. गेनरने ऐकता ऐकता भुवई रंगवली.

या दोन बायकांना जोडणारी गोष्ट म्हणजे एक गाणं. 'जिन्यातला दिवा'. एक्याण्णव साली इंग्लंडचा अख्खा उत्तर भाग त्यावर नाचला. 'जिन्यातला दिवा चालू ठेव, मी येतेय' या ओळीला घामाघूम झालेली हजार हजार पोरं हात वर करायची. रेकॉर्डच्या कव्हरवर फोटो गेनरचा. टीव्हीवर ओठ हलले तेही गेनरचे. आवाज वेरोनाचा. हे लीड्समधल्या आमच्या चॅपलटाउन वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि चॅपलटाउनच्या बाहेर कुणालाच नाही.

"तेहतीस वर्षं हे गाणं मी ओढतेय," गेनर म्हणाली. "स्टोकला, ग्रिम्सबीला. लग्नांत. एकदा गाड्यांच्या शोरूममध्ये, अकरा माणसांसमोर. तेव्हा कुठे होतीस तू?"

"बाळंतीण होते."

"तेहतीस वर्षं?"

वेरोनाकडे यावर उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि या गळ्याने ते सांगण्यात अर्थ नव्हता.

उत्तर असं. वेकफिल्डमध्ये गालिच्यांच्या दुकानामागे रॉडनी स्टीड नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता. वेरोना तेव्हा सत्तावीस वर्षांची, चर्चच्या गायकवृंदातला सगळ्यात दणदणीत आवाज, आणि पोटात सात महिन्यांचं मूल. रॉडनीने एका दुपारी तिला बोलावलं, कागदावर सही घेतली, गाणं गाऊन घेतलं. सगळं एका दमात झालं. फक्त शेवटच्या धृपदाच्या आधी, ढोल थांबतात तिथे, पोटातल्या बाळाने अशी लाथ मारली की वेरोनाचा श्वास मोठ्याने आत ओढला गेला. ती थांबणार, तेवढ्यात काचेपलीकडून रॉडनीने हात केला, चालू ठेव. तिने ठेवलं. त्या श्वासाने गाणं गाजलं. पोरं नाचता नाचता त्या जागी थबकायची आणि सगळी मिळून तो श्वास घ्यायची.

मग रॉडनीने दोन उद्योग केले. टेपचा वेग वाढवला, त्यामुळे वेरोनाचा भारी आवाज वर चढून बारीक आणि लखलखीत झाला. आणि त्या श्वासाचं शेपूट कापलं, पुढची ओळ अर्धा ठोका अलीकडे ओढली. का, तर नाचणाऱ्यांचे पाय वाट बघत नाहीत. त्यानंतर टीव्हीवाले आले, तर म्हणे हे पोट कसं दाखवायचं? पोट हे सांगायला बरं कारण होतं. दुसरं कारण कुणी तोंडाने बोललं नाही, पण वेरोना काळी होती, गेनर गोरी होती आणि चॅपलटाउनात ते कुणाला फोड करून सांगावं लागलं नाही. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, बाळ झालं की तूच, असं रॉडनी म्हणाला. बाळ झालं. तोवर गेनर, वेकफिल्डच्या क्लबात नाचणारी पोरगी, सगळ्या देशाला तोंडपाठ झाली होती. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

वेरोना गप्प बसणाऱ्यातली नव्हती. कडेवर पोर घेऊन ती लीड्सच्या एका रेडिओ केंद्रावर गेली, चालू कार्यक्रमात सगळं सांगितलं आणि गाऊन दाखवलं. आपल्या पट्टीत, आपल्या चर्चच्या गळ्याने. लोकांनी फोन करकरून हसून घेतलं. हा तो आवाजच नव्हे, म्हणाले. खरंच नव्हता. त्या पट्टीपर्यंत वेरोनाचा गळा कधीच पोचला नव्हता, तिथे तिला यंत्राने पोचवलं होतं. स्वतःचाच आवाज तिला स्वतःचा म्हणून सिद्ध करता आला नाही. पुढे तिने आणखी सात रेकॉर्डना आवाज दिला, सातही परक्या नावांवर. मग एकोणीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात डाव फिरवला, रविवारी चर्चमध्ये गायली. आणि मग मार्च. आता वेरोना लिबर्डचा आवाज जगात त्या गाण्याखेरीज कुठेच उरला नव्हता, आणि तिथे त्याला गेनरचं तोंड लावलेलं.

"एक वाक्य," ती पुन्हा म्हणाली.

गेनर पहिल्यांदाच वळली. तिची नजर वेरोनाच्या गळ्यावरच्या वणावर गेली, थांबली, आणि वर आली.

"बरं, मग गा. आत्ता साउंडवाल्या ऑस्विनला सांगते, स्टेज तुझं. गा आणि घेऊन जा."

वेरोनाचा हात गळ्याकडे गेला.

"हेच," गेनर म्हणाली. "गाता येईना आणि म्हणे माइक वाकडा."

"तू तरी कुठे गातेस? टेप गाते. तू नुसतं तोंड हलवतेस."

गेनर उभी राहिली. गालावर पावडर होती तरी त्याखाली लाली चढलेली दिसली.

"मी गाते. सूर अन् सूर गाते."

"चोराच्या उलट्या बोंबा."

"चार वाजता तालीम आहे," गेनर म्हणाली. "मागे उभी राहून ऐक. फुकट आहे. आणि जाताना दार लाव."

वेरोनाने दार सताड उघडं टाकलं आणि निघाली.

हॉलमध्ये तिची मुलगी केझाया चिप्सच्या पुड्यावर व्हिनेगर ओतत बसली होती. पोटात लाथ मारणारी हीच. आता तेहतीस वर्षांची, लीड्सच्या बस डेपोत वेळापत्रकं करणारी, शांत डोक्याची बाई. लहानपणी ती शाळेत सांगत फिरायची की मी रेकॉर्डवर आहे, आणि त्यावरून एकदा नाक फोडून घेऊन आली होती. आईचा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलंच नाही. घरी जाऊ या, म्हणाली. आल्याचा चहा थर्मासमध्ये आहे, वाटेत पिऊ. वेरोनाने ऐकलं न ऐकलंसं केलं. तिचं लक्ष हॉलच्या मागच्या बाजूला होतं, तिथे आवाजाच्या मिक्सरपाशी ऑस्विन बसला होता.

ऑस्विन आमच्याच गल्लीतला. वेरोनाचे आणि त्याचे वडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून एकाच बोटीने आले. बारा वर्षांचा असल्यापासून तो स्पीकर वाहतोय, आणि या जुन्या गाण्यांच्या शनिवार-रविवारी सगळ्यांच्या टेपा हाच लावतो. वेरोनाने त्याला आडवळण न घेता विचारलं की गेनरची टेप कशी आहे. त्याने सांगितलं, सगळ्यांची असते तशीच. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर रेकॉर्डचा जुना आवाज, बारीक ठेवलेला. वय झालं, दम पुरत नाही, सूर हलतो, मग त्या आवाजाचा आधार. ऑस्विन त्याला काठी म्हणायचा. इथे काठीवाचून कुणीच चालत नाही, म्हणाला, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे?

"तिची काठी कुठली?"

ऑस्विनने मिक्सरवरून मान वर केली.

"व्ही, नको."

"कुठली?"

"चौतीस वर्षं याच्यावर पोट भरतोय मी. माझ्या हातून असलं काही होणार नाही." मग त्याने खालची वायर उचलली आणि तिची गुंडाळी करत पाठ फिरवली. "सात नंबर. आणि माझ्या पाठीमागे काय होतं ते मला दिसत नाही."

केझाया चिप्स घेऊन मागोमाग आली होती. तिने सगळं ऐकलं.

"आई, हात दाखवून अवलक्षण होईल हं."

"होऊ दे."

"रात्री कर मग. आत्ता बघायला आहे कोण?"

पण वेरोनाला आत्ताच हवं होतं. रात्री चार हजार माणसं असणार, गळ्यात शिट्ट्या अडकवून आणि पोटात बिअर घेऊन. त्यांना टेप काय आणि गळा काय. तालमीला मात्र धंद्यातली माणसं बसतात. पुढच्या रांगेत एकसारखे ट्रॅकसूट घातलेले दोघे भाऊ होते, त्यांच्या एकाच गाण्यावर तीस वर्षं चाललेली. बाजूला लोकरी कोटातली एक उंच बाई, हातात कागदी कप. आणखी आठ-दहा जण. यांच्यासमोर माणूस उघडा पडला की सोमवारपर्यंत न्यूकॅसलपासून ब्रायटनपर्यंत कळतं. सुंभ जळाला होता, पीळ गेला नव्हता.

बरोबर चार वाजता गेनर स्टेजवर आली. खांद्यावर लोकरीची शाल, पायात घरातल्या चपला. तिने डोळ्यांवर हात धरून हॉलच्या मागच्या बाजूला पाहिलं. मिक्सरपाशी वेरोना उभी आहे हे तिला दिसलं. तिने शाल काढून खुर्चीवर टाकली आणि मान हलवली.

वाद्यं सुरू झाली. वेरोनाने सात नंबरच्या फेडरवर, आवाज वरखाली करायच्या सरकत्या खुंटीवर, बोट ठेवलं. गेनरची ओळ यायला चार ठोके असताना तिने तो खाली ओढला, पार तळाला टेकेपर्यंत. आणि वाट बघत राहिली. आता उघडा जबडा दिसेल, आवाज येणार नाही, भाऊ एकमेकांकडे बघतील.

आवाज आला.

वेरोनाने खाली पाहिलं. फेडर तळालाच होता. तिने तो आणखी दाबून बघितला. आवाज येतच होता, आणि तो टेपचा नव्हता. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून काठी नाहीशी झाल्याचं गेनरला पहिल्या शब्दालाच कळलं असणार, कारण तिचे डोळे एकदा झरकन मागे आले. पण ती थांबली नाही. माइक तिने दोन्ही हातांनी धरला आणि गात राहिली. वर, रॉडनीने चढवलेल्या त्याच पट्टीत. ज्या पट्टीत वेरोनाला एकही दिवस गाता आलं नव्हतं, धड गळा होता तेव्हासुद्धा.

वेरोनाला हसावं की रडावं ते कळेना, आणि त्याहून जास्त संताप आला. हिला लाजवायला आले आणि हिनेच माझ्या तोंडात मारली. आवाज काही मोठा नव्हता. पातळ होता, कडांना झिजलेला. पण प्रत्येक वळण तिचं होतं, वेरोनाचं. 'दिवा' म्हणताना सूर किंचित खालून घ्यायची तिची सवय, तिच्या नेव्हिसच्या आईकडून आलेली, तीसुद्धा. पोरं पाटीवर अक्षर गिरवतात तसं या बाईने ते गिरवलं होतं, वर्षानुवर्षं, ग्रिम्सबीला आणि शोरूममध्ये. खोटं बोलली नव्हती. लोकरी कोटातल्या बाईने कप खाली ठेवला. पुढे उघडकीला आणण्याजोगं काहीच उरलं नव्हतं.

मग ढोल थांबायची जागा जवळ आली.

गेनर माइकपासून एक पाऊल मागे सरली, मान वळवली आणि एक हात वर नेला. वेरोनाच्या ते लगेच लक्षात आलं. सगळं गिरवलं होतं हिने, पण एवढं एक नाही. तो श्वास ती तेहतीस वर्षं टेपवरच सोडत आली होती. तेवढ्यापुरती काठी. आणि काठी तर तळाला होती.

गेनरलाही त्याच क्षणी आठवलं. हात वरच राहिला आणि तिने मागे पाहिलं. त्या बघण्यात मघाचा तोरा नव्हता, साधी भीती होती. एवढ्या धंद्यातल्या माणसांसमोर, गाण्याच्या ऐन जागी, एक भोक पडणार होतं.

हेच तर हवं होतं. वेरोनाला फक्त उभं राहायचं होतं. पण ते भोक पडणार होतं तिच्या श्वासाच्या जागी, आणि ती जागा ओस पडलेली तिला बघवेना. गेनरची दया वगैरे आली असं नाही, त्या बाईबद्दल तिच्या मनात तेव्हाही तिळाएवढी माया नव्हती. मिक्सरवर ऑस्विनचा छोटा माइक होता. वेरोना त्याच्यावर वाकली, बटण दाबलं, आणि ढोल थांबले तिथे तिने श्वास आत ओढला. गळ्यातून आवाज गेला होता. श्वास कुठेही गेला नव्हता. तो सगळ्या स्पीकरांतून हॉलभर आला, मोठा, खरखरीत, आणि केझायाचा चिप्सचा हात तोंडाशी पोचायच्या आत थांबला.

पण गेनरने ओळ उचलली होती. रेकॉर्डवर उचलते तिथेच. श्वास आणि शब्द एकमेकांवर आपटले आणि दोन्ही विस्कटले. गेनरने हात खाली केला. ऑस्विन वायर टाकून वळला आणि त्याने टेप बंद केली. हॉलमध्ये फक्त चहाच्या मशिनची घरघर राहिली.

"उशीर झाला तुला," गेनर माइकवर म्हणाली. "अर्धा ठोका."

वेरोनाचं बोट अजून बटणावरच होतं. ती बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं, तो घोगरा आवाज, पेटी ओढल्यासारखा.

"उशीर नाही. मी घेतला तेवढाच होता तो. रॉडनीने मागून कापला. तेहतीस वर्षं तूच लवकर येतेयस."

ट्रॅकसूटवाल्या भावांपैकी एकाने हळूहळू मान वळवून मागे पाहिलं. मग दुसऱ्याने. लोकरी कोटातल्या बाईने वेरोनाकडे पाहिलं, मग स्टेजकडे, आणि पुन्हा वेरोनाकडे.

गेनरने पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली, दोन घोट घेतले, झाकण लावलं. तिला घाई नव्हती. चपलेतून निघालेली टाच तिने पुन्हा आत सरकवली.

"ऑस्विन, दुसऱ्या कडव्यापासून घे."

ऑस्विनने फेडरकडे हात नेला आणि विचारलं, सात नंबर वर करू का?

"नको," गेनर म्हणाली.

वाद्यं सुरू झाली. गेनर गायली, उघड्या गळ्याने, वेरोनाकडे न बघता. ढोल थांबले. वेरोना माइकवर वाकली आणि तिने पूर्ण श्वास घेतला, शेपटासकट.

या वेळी गेनर अर्धा ठोका थांबली.